पप्पा म्हणतात वचनातच लिहिलंय, बाईने मंडळीत गप्प बसावं. मग मी संदेश देऊ का?

पत्र:

मावशी, सलाम. मी नगर जिल्ह्यातली, लग्नाला चार वर्षं झाली, हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. पुढच्या महिन्यात आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, महिला रविवार आहे आणि पाळकसाहेबांनी त्या दिवशी उपासनेतला संदेश, म्हणजे प्रवचन, मी द्यावा असं सांगितलंय. मी हो म्हणून आले. रात्री जेवताना घरी सांगितलं तर पप्पा (माझे सासरे) काही बोलले नाहीत, हात धुतले, बायबल आणलं आणि १ करिंथ १४:३४ काढून माझ्यापुढे ठेवलं. स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावं, त्यांना बोलायची परवानगी नाही. म्हणाले, हे माझं मत नाही, वचन आहे. पप्पा तीस वर्षं वडीलमंडळात आहेत, मला मुलीसारखं वागवतात, रात्री उशिरा सुटले की स्टँडवर न्यायला येतात. नवरा म्हणतो एवढ्यासाठी घरात वाद नको. नेटवर बघितलं तर एक म्हणतो ते वचन नंतर कोणीतरी घुसवलंय, दुसरा म्हणतो बाई पुलपिटवर चढली की मंडळी बिघडली. मला भीती एकच वाटते की मी माझ्या सोयीसाठी वचन वाकवत तर नाही ना. काय करू?

उत्तर:

सलाम बाळा,

माझं मत आधीच सांगून टाकते, उगाच शेवटपर्यंत टांगून ठेवत नाही. तू बोल. पण पप्पांना हरवायचं म्हणून बोलू नकोस, आणि ते वचन बायबलमध्ये नाहीच असं धरून तर अजिबात नको. ते आहे. आणि तुला जी भीती वाटतेय ना वाकवण्याची, ती चांगली आहे, ती असू दे, कारण ज्याला ती वाटतच नाही तो वचनाचं काहीही करू शकतो, मग तो कुठल्याही बाजूचा असो.

माझ्या वडिलांचं बायबल माझ्याकडे आहे, काळं पुठ्ठ्याचं, कडा लाल होत्या त्या आता गुलाबी झाल्यात. त्यात १ करिंथच्या १४ व्या अध्यायाच्या पानावर एकाच वचनाखाली निळ्या पेन्सिलीची रेघ आहे, ३४ व्या. बाकी पान कोरं. मी एकोणीस वर्षांची असताना युवक संघाच्या सभेत उभी राहून मोठ्याने प्रार्थना केली होती, त्या रात्री घरी त्यांनी मला हेच पान दाखवलं आणि पुढची अकरा वर्षं मी चारचौघांत तोंड उघडून प्रार्थना केली नाही. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, तुझ्या पप्पांच्या मनात पण नाही हे तुझ्या पत्रावरूनच दिसतंय. पण मला आज वाईट कशाचं वाटतं सांगू का, त्या पानावर अजून काय लिहिलंय ते आम्ही दोघांनी कधी एकत्र बसून वाचलंच नाही. म्हणून तुला आधी ते पान वाचायला लावते.

२६ व्या वचनापासून वाच, ४० पर्यंत. आणि लक्षात ठेव, पौल प्रेषिताने करिंथच्या मंडळीला हे पत्र लिहिताना वचनांना आकडे घातले नव्हते, नव्या कराराला आज आपण वापरतो ते वचनांचे आकडे १५५१ मध्ये रोबेर एस्त्येन नावाच्या छापखानेवाल्याने घातले, त्यामुळे ३४ वं वचन सुटं काढून ताटाशेजारी ठेवता येतं ही सोय आपली आहे, पौलाची नाही. तिथे काय चाललंय बघ. करिंथच्या मंडळीत सगळे एकदम बोलतायत, एक गीत म्हणतोय, एक शिकवतोय, एक अन्य भाषेत बोलतोय. पौल म्हणतो दोघं, फार तर तिघं, तेही पाळीपाळीने. आणि मग तो तीन जणांना गप्प बसायला सांगतो. २८ व्या वचनात अन्य भाषेत बोलणाऱ्याला, अर्थ सांगणारा कोणी नसेल तर. ३० व्यात संदेश देणाऱ्याला, शेजारी बसलेल्याला काही प्रकट झालं तर. आणि ३४ व्यात स्त्रियांना. ग्रीकमध्ये तिन्ही ठिकाणी गप्प राहण्याचं क्रियापद एकच आहे. पहिल्या दोघांना आपण जन्मभर गप्प बसवत नाही, तेवढ्या वेळेपुरतं थांबायला सांगितलंय असंच समजतो, मग तिसऱ्यांदा तोच शब्द आला की तो कायमचा का होतो, हा प्रश्न विचारणं म्हणजे वचन वाकवणं नाही गं. ३५ व्यात पुढे लगेच येतं की त्यांना काही शिकून घ्यायचं असेल तर घरी नवऱ्याला विचारावं. म्हणजे बोलणं कसलं चाललं होतं, तर विचारण्याचं. बरेच अभ्यासक म्हणतात की शिक्षण न मिळालेल्या बायका मध्येच मोठ्याने शंका विचारत असाव्यात आणि सभेत गोंधळ होत असावा. हा अंदाज आहे, वचनात तसं सरळ लिहिलेलं नाही, हेही तुला सांगायला हवं.

पण याहून मोठी गोष्ट तीन अध्याय मागे आहे. ११:५ काढ. तिथे पौल म्हणतो जी स्त्री डोकं न झाकता प्रार्थना करते किंवा संदेश देते ती आपल्या मस्तकाचा अपमान करते. पदराबद्दल काय ते तो बोलतोय, पण बाई प्रार्थना करते आणि संदेश देते हे त्याने धरूनच ठेवलंय, त्याला नको असतं तर तिथेच म्हणाला असता की मुळात बोलूच नका. तोच माणूस, तेच पत्र, त्याच मंडळीला. १४:३४ चा जो काही अर्थ लावायचा तो ११:५ ला सोबत घेऊन लावावा लागतो, तुलाही आणि पप्पांनाही.

आता पप्पांच्या बाजूने बोलते, कारण त्यांची बाजू कच्ची नाही आणि तू ती कच्ची समजून त्यांच्यासमोर गेलीस तर दोन मिनिटांत अडकशील. आपल्या मराठी बायबलात 'संदेश' हा शब्द आहे आणि रविवारी पाळकसाहेब देतात त्यालाही आपण संदेशच म्हणतो, पण पौलाचा संदेश म्हणजे देवाकडून मिळालेला शब्द सांगणं, आणि तयारी करून शिकवणं हे त्याच्या डोळ्यासमोर वेगळं असू शकतं. पप्पा हे म्हणाले तर ते बरोबर बोलतायत. काही अभ्यासक मधली वाट काढतात, की २९ व्या वचनात दिलेल्या संदेशाची पारख करायला सांगितलीय आणि स्त्रियांना गप्प राहायला सांगितलंय ते त्या पारखण्यापुरतं. आणि पप्पांचं खरं बळ करिंथमध्ये नाहीच, ते १ तीमथ्य २:१२ मध्ये आहे. स्त्रीने शिकवावं किंवा पुरुषावर अधिकार चालवावा हे मी होऊ देत नाही, असं तिथे आहे, आणि कारण देताना पौल ते पत्र ज्या गावी गेलं त्या इफिसची परिस्थिती सांगत नाही, तो थेट आदाम-हव्वेवर जातो, आदाम आधी घडवला गेला म्हणतो. म्हणून जगभरातल्या पुष्कळ मंडळ्या म्हणतात की हा नियम एका गावापुरता नाही, सृष्टीच्या वेळचा आहे. ब्रदरन असेंब्ली नावाच्या पंथात आजही उपासनेत बायका शिकवत नाहीत, आणि त्या बायका काही दबलेल्या असतात असं नाही, माझी एक मैत्रीण तिथली आहे, तिच्याइतकं वचन तोंडपाठ असलेलं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

या वचनाला दुसरी बाजू काय म्हणते तेही ऐक. ज्या शब्दाचा आपण 'अधिकार चालवणं' असा अर्थ करतो तो ग्रीक शब्द, आउथेंतेइन, अख्ख्या नव्या करारात फक्त इथेच येतो. अधिकारासाठी पौल एरवी वापरतो तो शब्द वेगळाच आहे. १६११ च्या इंग्रजी किंग जेम्स बायबलमध्ये त्याचं भाषांतर अधिकार बळकावणं या अर्थाने केलंय. बळकावणं आणि चालवणं यात केवढा फरक आहे, आणि नेमका कुठला अर्थ यावर आजही भांडण मिटलेलं नाही. शिवाय हे पत्र तीमथ्याला इफिसमध्ये पाठवलंय, पहिल्याच अध्यायात पौल सांगतो की तुला तिथे ठेवलं ते चुकीचं शिकवणाऱ्यांना आवरायला. इफिस म्हणजे अर्तमी देवीचं गाव, प्रेषितांची कृत्ये १९ मध्ये लोक दोन तास ओरडत होते तिच्या नावाने. आणि १२ च्या आधीचं ११ वं वचन आपण पटकन ओलांडतो, तिथे पौल म्हणतोय बाईला शिकू द्या. शांतपणे शिकू द्या, पण शिकू द्या. त्या काळात हे लहान वाक्य नव्हतं.

अजून एक, हे पप्पांना टोमणा म्हणून नको हं, स्वतःसाठी वाच. १२ च्या तीन वचनं वर, २:९ मध्ये, बायकांनी केस गुंफणं, सोनं, मोती, भारी वस्त्रं यांनी स्वतःला सजवू नये असं लिहिलंय. तुझ्या लग्नाचा अल्बम काढ. आपल्या कुठल्याही लग्नात नवरी सोन्याशिवाय, गजऱ्याशिवाय नसते आणि आशीर्वाद द्यायला पाळकसाहेब स्वतः उभे असतात. तिथे आपण सगळे म्हणतो की मुद्दा साधेपणाचा आहे, गजऱ्याचा नाही. बरोबरच म्हणतो. म्हणजे ९ वं वचन आपण हेतू बघून वाचतो आणि १२ वं अक्षर बघून. अर्थ लावण्याचं काम पप्पाही करतात, मीही करते, तूही करणार. वाकवतेय का ही शंका आली की मी स्वतःला एवढंच विचारते की जे वचन मला टोचतं त्याला मी जितके प्रश्न विचारते तितकेच मला आवडणाऱ्या वचनाला विचारते का.

नेटवरच्या त्या 'घुसवलंय' वाल्याबद्दल. यात खरं एवढं आहे की काही जुन्या हस्तलिखितांत ३४ आणि ३५ ही दोन वचनं ४० च्या नंतर येतात, जागा बदललेली आहे, त्यावरून गॉर्डन फी यांच्यासारख्या मोठ्या अभ्यासकाने, ते पेंटेकॉस्टल होते, म्हणजे वचनाला घट्ट धरणाऱ्या पंथातले बरं का, १ करिंथवरच्या १९८७ च्या आपल्या भाष्यात म्हटलं की ती आधी कोणीतरी समासात लिहिली असावीत आणि नंतर मजकुरात आली. पण ज्या हस्तलिखितांत हा भाग आहे त्या सगळ्यांत ही वचनं कुठे ना कुठे आहेतच, एकातही गाळलेली नाहीत. आणखी काही जण म्हणतात की हे करिंथकरांचं स्वतःचं म्हणणं आहे, पौलाने ते आधी मांडलं आणि ३६ व्यात 'देवाचं वचन काय तुमच्यापासून निघालं?' म्हणून झापलं. पौल तसं करतो कधीकधी, ७:१ मध्ये त्यांच्या पत्रातला मुद्दा घेऊनच सुरू करतो. मला स्वतःला या दोन्हींवर तुझा संदेश उभा करायला नको वाटतं. पप्पांना 'ते वचन खरं नाही' असं सांगितलंस तर त्या माणसाने तीस वर्षं ज्या पुस्तकावर हात ठेवला त्याचंच पान तू फाडतेयस असं त्यांना वाटेल, आणि गरजही नाही त्याची, वचन जागेवर ठेवूनसुद्धा बोलण्यापुरतं पुष्कळ आहे.

काय आहे ते बघ. रोमकरांस १६ वाच, नुसती सलामांची यादी म्हणून आपण तो अध्याय कधी वाचत नाही. पहिलंच नाव फिबी, किंख्रियाच्या मंडळीची सेविका, आणि तो ग्रीक शब्द पौल स्वतःसाठीही वापरतो. मग प्रिस्किल्ला, नवऱ्याच्या आधी तिचं नाव. याच प्रिस्किल्ला आणि अक्विल्लाने अपुल्लोला, जो शास्त्रात पटाईत होता, त्याला घरी नेऊन देवाचा मार्ग अजून नीट समजावला, प्रेषितांची कृत्ये १८:२६. मग ७ व्या वचनात युनिया, प्रेषितांमध्ये नावाजलेली. इथेही वाद आहे, काही म्हणतात प्रेषितांना माहीत असलेली. पण चौथ्या शतकातला धर्मगुरू क्रिसोस्तोम, जो बायकांच्या बाजूचा म्हणून काही ओळखला जात नाही, तोसुद्धा तिला बाई समजूनच म्हणतो की प्रेषित म्हणवली गेली म्हणजे तिची बुद्धी केवढी असेल. विसाव्या शतकातल्या काही भाषांतरांनी तिचा 'युनियास' करून पुरुष केला होता, आता बहुतेक ठिकाणी ती परत बाई झालीय. फिलिप्पाच्या चार मुली संदेश द्यायच्या. जुन्या करारात देवाचा संदेश सांगणारी दबोरा आहे, हुल्दा आहे. आणि पुनरुत्थानाची बातमी शिष्यांना जाऊन सांग असं प्रभूने पहिल्यांदा कोणाला सांगितलं ते तुला मी सांगायला नको.

आणि आपल्याच मातीतलं एक. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला वाँटेजमध्ये ख्रिस्ती झाल्या आणि पुढे चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात शिकवू लागल्या. तिथे त्यांनी तरुण पुरुषांनाही शिकवावं असं निघालं तर इकडच्या बिशपांनी हरकत घेतली की असं केलं तर हिंदुस्थानात त्यांच्या कामाला बाधा येईल. रमाबाई चिडल्या. त्यांनी कॉलेजच्या प्रमुख डोरोथिया बील यांना १८८५ मध्ये लिहून कळवलं की माझ्या आईने आणि मी तरुणांना शिकवलं त्याला ना माझ्या वडिलांनी हरकत घेतली ना नवऱ्याने, आणि इथली माणसं घेतायत याचं नवल वाटतं. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, ज्यांना बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून शास्त्री-पंडितांपुढे उभं राहून उत्तर द्यावं लागलं होतं! त्याच रमाबाई पुढे केडगावला मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, मूळ भाषांतून अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं, ज्या बायका नुकत्या अक्षरं शिकल्या त्यांना कळावं म्हणून, आणि ते छापलंही मुक्तीच्याच छापखान्यात, जिथे खिळे जुळवायला बायका होत्या. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या, काम जेमतेम पुरं करून, आणि १९२४ मध्ये पूर्ण बायबल बाहेर आलं. १ करिंथ १४:३४ सुद्धा त्यांनी स्वतःच्या हाताने मराठीत लिहिलं. गाळलं नाही, आणि त्या गप्पही बसल्या नाहीत. माझ्या मनात हे चित्र नेहमी येतं, कंदिलाच्या उजेडात ती म्हातारी बाई त्या ओळीवर आली असेल तेव्हा काय विचार केला असेल.

(वसईच्या एका वाचक भगिनीने मागे विचारलं होतं म्हणून एवढंच, कॅथलिक चर्चमध्ये बाईला पाळक न करण्याचं मुख्य कारण हे वचन नाही, प्रभूने बारा पुरुष निवडले आणि परंपरा तीच राहिली हे आहे, १९९४ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी ते पक्कं केलं. पण मिस्सामध्ये वाचन बायका कितीतरी वर्षं करतायत आणि २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी वाचकाची सेवा त्यांना रीतसर खुली केली. इकडे चर्च ऑफ साउथ इंडियामध्ये २०१३ पासून बाई बिशपही झालीय.)

आता घरचं. जेवणाच्या टेबलावर हा विषय परत काढू नकोस. पप्पा मोकळे असतील तेव्हा चहा घेऊन जा आणि म्हण, पप्पा, तुम्ही दाखवलेलं वचन मला पूर्ण समजून घ्यायचंय, २६ पासून ४० पर्यंत तुम्ही मोठ्याने वाचाल का. त्यांनाच वाचू दे. २८ आणि ३० आले की थांबव आणि विचार. मग ११:५ विचार, खरंच विचार, उत्तर माहीत असल्यासारखं नको. ते १ तीमथ्य काढतील, काढू दे, ऐक, वहीत लिहून घे. एका बैठकीत त्यांचं मत बदलेल असं मी सांगत नाही, तीस वर्षांचं मत आहे. पण तू वचनापासून पळत नाहीस हे त्यांना दिसेल आणि माझा अंदाज आहे की त्यांची खरी काळजी तीच आहे.

तरीही नाही म्हणाले तर? तर पाळकसाहेबांना सांग की पप्पांशी तुम्ही स्वतः येऊन बोला. बोलावलं त्यांनी आहे, तू मागायला गेली नव्हतीस, वडीलमंडळातल्या माणसाला समजावायचं काम सुनेच्या अंगावर टाकणं बरोबर नाही. डोक्यावर पदर घेतल्याने पप्पांना बरं वाटणार असेल तर घे, त्यात तुझं काही जात नाही. आणि नवऱ्याला स्पष्ट सांग की वाद नको हे ठीक, पण त्या दिवशी तो पहिल्या बाकावर बसलेला मला दिसायला हवा. एवढं झाल्यावर पप्पा आले नाहीत तरी तू बोल, आणि उपासना संपल्यावर घरी जाऊन नेहमीसारखं त्यांना जेवायला वाढ, त्या विषयावर एक शब्द न काढता.

आणि कृपा करून त्या रविवारी या वचनावर बोलू नकोस. अख्ख्या मंडळीला तुमच्या घरचं भांडण ऐकवल्यासारखं होईल. मार्क ५ घे. बारा वर्षं रक्तस्रावाने आजारी बाई, सगळा पैसा वैद्यांवर घालवला आणि बरं व्हायचं सोडून जास्तच झालं. तू नर्स आहेस, अशा बायका रोज बघतेस, केसपेपर हातात घेऊन उभ्या असतात, काय होतंय ते पुरुष डॉक्टरला सांगायला लाजतात. प्रभू तिला गर्दीतून गुपचूप जाऊ देत नाही, मला कोणी शिवलं म्हणून विचारतो, आणि ती थरथरत पुढे येऊन सगळ्यांदेखत सगळं खरं सांगते. ३३ वं वचन. शेजारी याईर उभा आहे, सभास्थानाचा अधिकारी, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत मंडळीचा वडीलच, घरी त्याची बारा वर्षांची मुलगी मरायला टेकलीय, एकेक मिनिट जातंय, आणि त्या बाईचं बोलून होईपर्यंत तो थांबलाय. याईरबद्दल दोन वाक्यं प्रेमाने बोल, पप्पा बाकावर असले तर त्यांना कळेल.

संदेश लिहून झाला की मला पाठव, मी वाचेन.

तुझी मावशी